उंदीरखाऊची शिफारस

चांक्वा खाण वसाहत
४ जून

योबे जेरे यास, म्हणजे शेतातल्या उंदरांच्या काळाला,

तुझी माफी पोचली. झेलिपाने स्वतः घरी येऊन तिच्या फोनवरून वाचून दाखवली. माझा नंबर तू पुसून टाकलायस असं तीच म्हणाली. "झाल्या प्रकाराबद्दल मी अंतःकरणपूर्वक दिलगीर आहे." अंतःकरणपूर्वक! सहा वर्षं एका खोलीत काम केलं आपण, एवढा लांब शब्द तुझ्या तोंडून कधी ऐकला नव्हता. पर्थला दुकानात मिळतात का असले शब्द?

मी चुलीवर मक्याच्या पिठाचा न्शिमा ढवळत होते. तुझी बायको दारातच उभी. म्हणाली, "काय उत्तर कळवू?"

"कळव, चिलेक्वा मेली."

"बरं झालं. एक माकडखाऊ कमी झाली. तेवढीच जंगलातल्या माकडांना शांतता."

दोघी हसलो. मग ती गेली, आणि मी पातेलं तसंच टाकून अंगणात फेऱ्या घालायला लागले. न्शिमा खाली लागला. शेजारीण कुंपणावरून ओरडली तेव्हा कुठे वास आला.

तुला माफी मागायचा काय अधिकार होता? तू न्गोनी, मी बेंबा. आपल्या पणजोबांच्या बापांनी एकमेकांच्या बरगड्यांत भाले खुपसले आणि मग दमून ठरवलं, आता यापुढे फक्त तोंडाने भांडायचं. तेव्हापासून आपण चिंबुया, थट्टेचे सोयरे. तू मला माकडखाऊ म्हणायचं, मी तुला उंदीरखाऊ म्हणायचं, लग्नात म्हणायचं, मयतात म्हणायचं, साहेबासमोर म्हणायचं. राग धरायचा नाही, एवढा एकच नियम. म्हणून या नात्यात माफी हा शब्दच नाही. जे खरंच मनात असतं, त्याची माफी मागतात. थट्टेची कुणी मागतं का?

म्हणजे तुझ्या मनात होतं. हेच ना?

मी मार्चपासून हेच घोळवतेय. दक्षिण शाफ्टच्या वाइंडरवर आपण दोघं. माणसांनी भरलेला पिंजरा जमिनीच्या पोटात सोडायचा आणि सुखरूप वर ओढायचा. दोनाची एक जागा करायची ठरली तेव्हा छाननीला तो परदेशी पोरगा आला, मांडीवर संगणकाचा पडदा घेऊन बसणारा. त्याने तुला माझ्याबद्दल विचारलं. आणि तू म्हणालास, "ती बेंबा आहे साहेब. पाठ फिरवलीत तर मोटार विकून खाईल. तिच्या हाती वाइंडर देणं म्हणजे माकडाच्या हाती दोर." त्याने टकटक करून ते सगळं आत घातलं. मग मला बोलावून वाचून दाखवलं, चेहरा असा की जणू मला कुठला आजार झालाय.

मी खो खो हसले. अरे, तुझा आवाजच ऐकू आला मला त्यात! त्याने तेही टिपलं, की बाईंना गांभीर्य नाही. मी समजावलं की आम्ही चिंबुया आहोत, हे असंच बोलतो. तर विचारतो, "म्हणजे तुमच्याकडे सहकाऱ्याचा अपमान करणं मान्य आहे?" मी हो म्हटलं. तेही आत गेलं.

माझी जागा गेली. तुझी राहिली. इथपर्यंत मी काही बोलले असते का? एक शब्द नाही. पण तू माझ्या दारी आलाच नाहीस. शाफ्टवरच्या कॅन्टीनमध्ये मला पाहून ताट घेऊन उठलास. आणि महिन्याच्या आत ती खुर्चीही सोडून पर्थला पळालास. आता आपला वाइंडर ठेक्यावरच्या माणसांच्या हाती आहे, दर आठवड्याला निराळं तोंड.

मला एकच उत्तर दे. थट्टा होती, तर माफी मागे घे. खरं बोलला असशील, तर तसं सरळ सांग, म्हणजे मला तुझा नीट राग तरी करता येईल. असं मध्येच लटकवून ठेवू नकोस. पिंजरा मध्येच अडकला की आतल्या माणसाला काय वाटतं हे तुला मी शिकवायला नको.

फोन का करत नाही, असं झेलिपाने विचारलं. तुझा आवाज ऐकला की मला हसू येईल, आणि हसले की सगळं संपलं. कागदावर निदान रागावता येतं.

चिलेक्वा

२७ जून

जेरेसाहेब,

उत्तर नाही. ठीक आहे. तुम्ही आता मोठे. झेलिपा सांगत होती, थंडगार खोलीत बसून हजार मैलांवरची यंत्रं काचेवर बोट फिरवून चालवतोस. ग्रीसचा डाग नाही, कानाला आवाज नाही. हाताला वास कसला येतो रे आता? साबणाचा?

इथे थंडी कडक आहे आणि वीज दिवसातून एका हाताच्या बोटांवर मोजावी इतके तास. ती येते तेव्हा सगळी वसाहत धावत सुटते. मी पण. मक्याच्या गिरण्यांची कामं घेतेय. परवा बाजारामागच्या गिरणीत गेले. मालक म्हणाला, मोटार जळत आलीय, घरघर करते, नवी घ्यावी लागेल. त्याच्याआधी एक वीजवाला येऊन म्हणून गेला होता की दोष गिरणीचा, आणि एक फिटर म्हणून गेला होता की दोष मोटारीचा. नेहमीचंच. मी गिरणी पूर्ण वेगात सोडली आणि खटका पाडला. वीज जाताक्षणी घरघर थांबली असती तर दोष विजेचा. ती थांबली नाही. चाकाबरोबर हळूहळू मंदावत गेली. बेअरिंग गेलेलं, दुसरं काय. मालकाला वाटलं मी जादू केली. जादू कसली, दोन घरचा पाहुणा उपाशी राहू नये म्हणून दोन्ही घरचा स्वयंपाक शिकलेला, एवढंच.

पण उपाशी राहतोच रे तो. तू बघ ना. वीजवाले आपल्याला पानेवाले म्हणतात, पानेवाले आपल्याला तारवाले म्हणतात. जागा कमी करायच्या असल्या की दोघांचंही बोट आपल्याकडे.

हे सगळं सुचायला कारण घडलं. किटवेच्या तंत्रशाळेत मला आठवड्यातून दोन दिवस शिकवायला बोलावतात. इलेक्ट्रोमेकॅनिकलचा वर्ग. बाकं भरलेली, अंगात जर्सी, डोळ्यांत नोकरी. काल मागच्या बाकावरून एका मुलीने विचारलं, "मॅडम, या शिक्षणाला पुढे काही आहे का, की आम्ही उगाच?"

मला चेव आला. मी म्हटलं, आहे म्हणजे! दवाखान्याची लिफ्ट आहे, मासळीची शीतगृहं आहेत, सूर्यावर चालणारे पंप गावोगाव बसतायत आणि बसल्यावर वर्षात बंद पडतायत. खाणीत यंत्रं आपली आपण चालायला लागली, तर ती आपली आपण बिघडणारही आहेत. तेव्हा नुसती तार कळणारा चालणार नाही, नुसता पाना कळणाराही नाही. आणि आता तिसरी गोष्ट शिका, यंत्राच्या डोक्यातला प्रोग्राम वाचायला शिका. तार, पाना आणि डोकं. तिन्ही येणारा माणूस ज्याला सापडेल तो त्याला हातातून सोडणार नाही.

वर्ग लिहून घ्यायला लागला. मला वाटलं, जिंकले.

मग तीच मुलगी, अगदी साळसूदपणे, "मग मॅडम, तुम्हाला का सोडलं?"

सगळे हसले. मीही हसले. फळा पुसला. पुसलेलाच होता, पुन्हा पुसला. काय सांगणार होते मी त्यांना? की मला तारही येते, पानाही येतो, मशीनचं डोकंही वाचता येतं, पण मला उंदीर खाणारा एक मित्र होता?

तेव्हापासून हाताला स्वस्थता नाही. घरातला पंखा उघडून बसवला, चालू होता तरी. बहिणीचं शिवणयंत्र उघडलं. ती म्हणाली, "तू आता माझ्या नवऱ्याला हात लावू नकोस म्हणजे झालं."

या पत्राचंही उत्तर देऊ नकोस. सवय झालीय.

चिलेक्वा

१९ जुलै

योबे,

नीट वाच. शिव्या नंतर.

सोल्वेझीच्या पलीकडे नवा शाफ्ट उतरवतायत. वाइंडर अगदी नवा, जोडणी चालू आहे. इलेक्ट्रोमेकॅनिकल इंजिनीअर हवाय, वाइंडरचा अनुभव असलेला. मी अर्ज केला. माझ्यासारखी माणसं या देशात मूठभर, हे मी वर्गात फुशारकीने सांगितलं होतं, ते खरंच निघालं. त्यांनी बोलावलं.

पण एक अट आहे. माझ्याबरोबर एकाच वाइंडरवर, खांद्याला खांदा लावून काम केलेल्या माणसाची तोंडी शिफारस. साहेबाची चालणार नाही, प्राध्यापकाची चालणार नाही. ते स्वतः त्याला फोन करतात.

असा माणूस जगात एकच आहे, आणि तो सध्या ऑस्ट्रेलियात साबणाने हात धूत बसलाय.

मी झेलिपाकडे गेले. ती पोरांची दप्तरं शिवत होती. तिला सांगितलं. तिने सुई दातात धरून माझ्याकडे बघितलं.

"पुन्हा त्याच्याच तोंडावर जाणार तू? एकदा भाजलं ना?"

"दुसरा आहे कोण?"

"तुझी माणसं किती, नि त्यातलं एकही कामाचं नाही. बेंबा!"

"तुझ्या माणसांनी तरी काय दिवे लावले? एक होता, तो पळाला."

हे जरा लागलं तिला. मलाही बोलल्यावर कळलं. तीही एकटीच आहे की इथे, तीन पोरं घेऊन, तुझ्याकडे यायचे कागद होईपर्यंत. ती पुन्हा शिवायला लागली आणि खाली मान घालूनच म्हणाली, "फोनवर तो हल्ली माझ्याशीसुद्धा जपून बोलतो गं. प्रत्येक वाक्य धुऊन वाळवून आणल्यासारखं. परवा मीच त्याला शिवी दिली तर 'असं बोलू नये' म्हणाला."

मला भीती वाटली, योबे. खरंच.

तरीपण तुझं नाव दिलंय. आता ऐक. फोन येईल, त्या बाई मोठ्या इंजिनीअर आहेत, आकापेल्वा नावाच्या, जमातीने लोझी. त्यांच्याशी एकदा, आयुष्यात फक्त एकदा, माणसासारखं बोल. माकड नाही, मोटार नाही, दोर नाही. जे माहीत आहे ते सांग. हे काम गेलं तर मी कायमची गिरण्यांची होईन. गिरणीला मी कमी लेखत नाही, पण मला तो दोर हवाय. ते मोठं चाक फिरायला लागलं की जमीन पायाखालून जी हलकीशी थरथरते ना, ती मला हवीय. माझ्या अंगाला दुसरं काही रुचत नाही. आता कळलं तुला, का मी घरात बसू शकत नाही?

चिलेक्वा

ता.क. आणि माझं कौतुकही करू नकोस. तू माझं सरळ कौतुक केलंस तर मी मेलेच म्हणून समज. ते कसं जमवायचं ते तुझं तू बघ.

२ ऑगस्ट

भित्र्या,

झेलिपाने निरोप आणला. "दुसऱ्या कुणाचं नाव दे. माझ्या तोंडाचा मलाच भरवसा राहिला नाही."

ती गेल्यावर मी कोंबड्यांवर ओरडले.

तोंडाचा भरवसा नाही? त्या तोंडाचा? माझा बाप गेला तेव्हा याच तोंडाने काय केलं ते विसरलास? पेटी गाडीत चढवली होती, बायका रडून रडून बसल्या होत्या, आणि तू कोट घालून आलास तो सरळ गाडीच्या पुढच्या चाकासमोर आडवा पडलास. "हलू देणार नाही! या म्हाताऱ्याने मला गेल्या रविवारी शिवी दिली आणि माझी परतफेड न घेता चालला! उठवा त्याला!" माझ्या काकांनी तुझे पाय धरले, तू लाथा मारल्यास. "बेंबा पळपुटे! मरणसुद्धा पळून जायला वापरतात!" आणि माझी आई, जी बाप गेल्यापासून दगडासारखी बसली होती, ती कमरेच्या चितेंगेचं टोक तोंडावर धरून हसली. हसता हसता रडली. मग पाणी प्यायली. त्या दिवशी तिला पाणी कुणी पाजलं? तू पाजलंस. त्याच तोंडाने.

त्या परदेशी पोराला आपली भाषा कळली नाही, हा त्याचा दोष की तुझ्या तोंडाचा? मी इतके महिने विचारतेय ते तुला कळलंच नाही वाटतं. मला नोकरी गेल्याचं दुःख आहेच. पण त्याहून जास्त हे, की एका माणसाने एकदा टकटक केलं आणि तू जन्माचा मुका झालास. आपलं एवढं जुनं नातं, दोन राष्ट्रांच्या लढाईतून निघालेलं, ते त्याच्या पडद्यापुढे गुडघ्यावर आलं?

का खरंच मनात होतं? हे बघ, पुन्हा तिथेच आले मी. दिवसातून दहा वेळा येते. कधी वाटतं, योबेने जागा राखायला मुद्दाम म्हटलं. तीन पोरं आहेत त्याला, का म्हणणार नाही? मग वाटतं, छे, योबे? मग वाटतं, माफी का मागितली मग? सांग ना.

दुसरं नाव देणार नाही. मुलाखत चौदाला आहे. फोन आला तर घे, नाहीतर घेऊ नकोस. त्यांना उत्तर मिळालं नाही तर ती जागा जाईल आणि तुला पुन्हा एक लांबलचक माफी लिहायला विषय मिळेल.

चि.

सोल्वेझी, बसस्टँडमागचं गेस्ट हाउस
१५ ऑगस्ट

योबे,

बस दुपारी आहे. तोवर लिहून टाकते, नाहीतर वाटेत फुटेन.

काल मी त्या खोलीत होते.

तुला माहीत नाही. तुला त्यांनी सांगितलंच नव्हतं. टेबलाच्या पलीकडे आकापेल्वाबाई, केस पिकलेले, चष्मा साखळीला. शेजारी वाइंडर बनवणाऱ्यांकडचा एक गोरा, लांब बोटांचा, वही-पेन घेऊन. त्याने आधी मला तासभर पिळून काढलं. ब्रेकचं तेल, दोराचा ताण, वेगाची मर्यादा, प्रोग्राममधल्या ओळी. ते गेलं नीट. मग म्हणाला, "पिंजरा अर्ध्यात अडकलाय, आत माणसं आहेत. वीजवाला म्हणतो दोष यंत्राचा, फिटर म्हणतो विजेचा. तुम्ही आधी काय करता?"

मी म्हटलं, "आधी पिंजऱ्यात फोन लावते आणि आतल्यांना सांगते की मी इथे आहे. मग त्या दोघांना बाहेर काढते आणि दार लावून घेते."

बाई हसल्या. गोरा हसला नाही, पण त्याने काहीतरी लिहिलं.

मग बाई म्हणाल्या, "आता तुमच्या त्या सहकाऱ्याला फोन लावू. तुम्ही बसा इथेच. फक्त आवाज करायचा नाही." हे मला अपेक्षित नव्हतं. फोन टेबलावर ठेवून सगळ्यांना ऐकू येईल असा केला. वाजत राहिला. बंद झाला. बाईंनी पुन्हा लावला. पुन्हा बंद. माझे हात मांडीखाली दाबलेले होते, नाहीतर मी टेबलाचे स्क्रू काढायला लागले असते. तिसऱ्यांदा तू उचललास.

आणि तो आवाज तुझा नव्हताच. "होय मॅडम. चिलेक्वा कापेंब्वा यांच्याबरोबर मी काम केलं आहे. त्या प्रामाणिक, वक्तशीर आणि मेहनती आहेत." अरे, असं तर शाळा सोडल्याच्या दाखल्यावर लिहितात! मी खाली बघितलं. मला वाटलं, संपलं. जागा मिळेलही कदाचित, पण योबे जेरे गेला. त्याच्या जागी हा कोण धुतलेल्या तोंडाचा माणूस बोलतोय.

बाईंनी विचारलं, "त्यांच्याबद्दल तुम्हीच पूर्वी वेगळं मत दिलं होतं, असं कळतं. मोटार विकून खाईल वगैरे."

गोऱ्याने फोनकडे वाकून बघितलं, लागलाय का अजून म्हणून.

मग तू विचारलंस, "मॅडम, तुम्ही लोझी ना?"

"हो."

"तुमचे चिंबुया कोण?"

"टोंगा. माझ्या शेजारीच राहतो एक. रोज सकाळी माझ्या फाटकावरून ओरडतो, लोझी बाई, कुणाची गाय चोरलीस आज म्हणून."

"आणि तो आजारी पडला तर?"

"तर त्याला दवाखान्यात मीच नेते," बाई म्हणाल्या. "वाटेत सांगत, की मेलास तर गाय मी घेणार."

तुझा श्वास ऐकू आला. मग आवाज बदलला. तो तुझा होता. "मग ऐका मॅडम. ती बाई माकडखाऊ आहे. सहा वर्षं माझ्या डब्यातले सुके कापेंता मासे चोरून खाल्ले तिने. तोंड तर असं की त्यावर झाकण बसत नाही. तिच्याबद्दल चांगलं बोलायला मला कुणी सांगितलं तर माझी जीभ वळत नाही, वळू नये. पण आमचा शाफ्ट हजार मीटरहून खोल. ब्रेक उघडून पुन्हा बसवले की पहिला पिंजरा कुणाला तरी घेऊन खाली जायला लागतो. आमच्यात ठरलेलं होतं, ज्याने ब्रेक बसवले त्याने वर उभं राहायचं, दुसऱ्याने पिंजऱ्यात चढायचं. तिने बसवले की मी चढायचो. दर वेळी. कधी दोर तपासला नाही, कधी विचारलं नाही की नीट घट्ट केलंस का. चढायचो आणि शिव्या देत खाली जायचो. घरी माझी बायको आहे, तीन लेकरं आहेत. याच्यापुढे मला तिच्याबद्दल काही बोलता येत नाही, मॅडम. हे तुमच्या शिफारशीत बसत असेल तर बसवा."

मग म्हणालास, "आणि ते माकड-मोटारीचं. ती थट्टा होती. मी तिची माफी मागितली, कारण तिची जागा गेली आणि मला काय करावं कळेना. मागायला नको होती. थट्टा खरी होती का, असं तिला वाटत असेल आता. मला तिला तोंड दाखवायचा धीर होत नाही."

बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी चितेंगेचा पदर तोंडात कोंबला होता. हसत होते का रडत होते ते मलाही ठाऊक नाही, माझ्या आईलाही त्या दिवशी ठाऊक नसणार. त्यांनी तुझे आभार मानून फोन ठेवला. गोरा खिडकीबाहेर बघत होता. भला माणूस आहे तो.

पत्र संपलं असतं इथे. जागा दिली मला, एक सप्टेंबरपासून. पण पुढे काय झालं ते सांगायलाच हवं.

मी उठत होते तर बाई म्हणाल्या, "बसा. शाफ्टला माणसं दोन लागतात. पाळी बदलायला दुसरा कुणी मिळत नाहीये. हा तुमचा जेरे, याच्याबद्दल तुमचं काय मत? तुम्हीही त्याच्याबरोबर काम केलंय, तेव्हा शिफारस तुमची."

योबे, मी तोंड उघडलं आणि आधी काय आलं ठाऊक आहे? "तो? त्याला वाइंडर दिलात तर तो आधी खड्ड्यात उंदरांची बिळं शोधेल." शब्द अगदी दातांपर्यंत आले होते. खुशीने, आपोआप, विचार न करता. तेव्हा मला तो मार्चमधला दिवस दिसला. तू कसा बसला असशील, कसा खुशीत आला असशील, माझं नाव निघाल्याबरोबर तुझ्या तोंडाने कशी उडी मारली असेल. एवढंच होतं ते. बाकी काही नव्हतं रे. मी पाच महिने उगाच घर उघडून बसवत होते.

गोऱ्याचं पेन वहीवर टेकलेलं होतं. लिहायला तयार.

मी म्हटलं, "साहेब, आधी ते पेन खाली ठेवा. मग सांगते."

त्याने बाईंकडे बघितलं. बाईंनी मान हलवली. त्याने पेन ठेवलं, टोपण लावून.

मग मी जे काही बोलले ते तुला कधीही सांगणार नाही. पुष्कळ बोलले. बाईंनी दोनदा डोळे पुसले, एकदा हसून आणि एकदा कशाने ते मी विचारलं नाही. सोमवारी त्यांचा फोन येईल तुला. झेलिपाला मी अजून सांगितलेलं नाही, ते तू सांग.

उचल, उंदीरखाऊ. पहिल्या घंटीला उचल.

चिलेक्वा